हवाई युद्धाच्या ऑनलाइन मोहिमांतील विमानहानी व दुरुस्तीचे प्रतिमान

हवाई युद्धाच्या ऑनलाइन मोहिमांतील विमानहानी व दुरुस्तीचे प्रतिमान म्हणजे विमानाला झालेली इजा मोजण्याची, तिची नोंद ठेवण्याची आणि ते विमान पुन्हा केव्हा व कोठून उडू शकेल हे ठरवण्याची नियमबद्ध पद्धत होय. संगणकीय युद्ध-सिम्युलेटरवर अनेक खेळाडू मिळून कित्येक आठवडे जी सलग मोहीम लढवतात, तिच्यात ही पद्धत वापरली जाते. तिचे दोन भाग पडतात. पहिला भाग उड्डाण चालू असतानाचा आहे. गोळी कोठे लागली, त्यामुळे कोणता भाग निकामी झाला आणि विमानाच्या वर्तनात काय फरक पडला, हे सिम्युलेटर स्वतः ठरवतो. दुसरा भाग उड्डाण संपल्यानंतरचा आहे. जखमी विमान तळावर परत आले, तर ते उद्या उपलब्ध असेल, आठवड्याने असेल की भंगारात जाईल, हे मोहिमेचे नियम ठरवतात.

पहिल्या भागाची चर्चा पुष्कळ होते, कारण त्याचे परिणाम पडद्यावर दिसतात. दुसरा भाग आकडेमोडीचा असल्याने दुर्लक्षित राहतो. मात्र वैमानिकाने मोडके विमान घेऊन परतण्याची धडपड करावी की ते सोडून देऊन नवे घ्यावे, याचे उत्तर प्रामुख्याने या दुसऱ्या भागावर अवलंबून असते.

## संज्ञा व व्याप्ती

सुट्या ऑनलाइन लढतीत प्रत्येक उड्डाण स्वतंत्र असते. विमान पडले की खेळाडूला काही क्षणांत दुसरे मिळते आणि आधीच्या विमानाचा हिशेब तेथेच संपतो. मोहीम याहून वेगळी असते. तिच्यात एका कामगिरीचा निकाल पुढच्या कामगिरीचा आरंभबिंदू ठरतो. आघाडीची रेषा पुढे-मागे सरकते, इंधनाचे साठे कमी होतात, पूल तुटलेले राहतात आणि स्क्वाड्रनकडील विमानांची संख्या घटते. परिणाम टिकून राहण्याच्या या गुणाला सातत्य म्हणतात. सातत्य नसेल तर दुरुस्तीला अर्थ उरत नाही, कारण दुरुस्त करण्याजोगे काही मागे राहतच नाही.

या लेखात ‘हानी’ हा शब्द शत्रूच्या माऱ्यामुळे झालेली इजा, वैमानिकाच्या चुकीमुळे झालेली मोडतोड आणि तळावर उभ्या असलेल्या विमानांवरील बॉम्बहल्ल्याचा परिणाम या तिन्हींसाठी वापरला आहे. ‘दुरुस्ती’ या शब्दात तळावरील किरकोळ डागडुजीपासून कारखान्यातील पुनर्बांधणीपर्यंतची सर्व कामे येतात.

## ऐतिहासिक आधार

मोहिमांचे बहुतेक आयोजक आपले नियम दुसऱ्या महायुद्धातील प्रत्यक्ष हिशेबपद्धतींवरून घेतात. त्या काळी प्रत्येक हवाई दलाला रोज सकाळी एकाच प्रश्नाचे उत्तर हवे असे: आज किती विमाने उडू शकतील? त्यासाठी हानीची वर्गवारी करणे भाग होते.

### ब्रिटिश वर्गवारी

१९४० मध्ये ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्समध्ये हानीचे तीन वर्ग होते. पहिल्या वर्गातील विमान स्क्वाड्रनच्या तळावरच दुरुस्त होई, दुसऱ्या वर्गातील विमान अन्यत्र पाठवावे लागे आणि तिसऱ्या वर्गातील विमान कायमचे वजा केले जाई. पुढे ही पद्धत अधिक बारीक करण्यात आली आणि वर्गांना अक्षरे देण्यात आली. ‘ए’ वर्गातील दुरुस्ती तुकडीच्या आवाक्यात असे. ‘एसी’ वर्गात विमान जागेवरच राही, परंतु दुरुस्तीसाठी बाहेरचे पथक येई. ‘बी’ वर्गातील विमान डेपोत किंवा कारखान्यात न्यावे लागे. ‘सी’ वर्गातील विमान उडण्यास अयोग्य ठरले तरी तंत्रज्ञांच्या शिक्षणासाठी जमिनीवर वापरले जाई. ‘ई’ म्हणजे पूर्णपणे बाद.

या पद्धतीत विमान किती मोडले याला फारसे महत्त्व नाही. ते कोण व कोठे दुरुस्त करू शकेल, यावर वर्ग ठरतो.

### जर्मन टक्केवारी

जर्मन लुफ्तवाफेने हानी टक्क्यांत मांडली. दहा टक्क्यांखालील हानी विमानाचे स्वतःचे जमिनीवरील कर्मचारी दुरुस्त करत. १० ते २४ टक्के हानीसाठी तुकडीची लहान कार्यशाळा पुरे. २५ ते ३९ टक्के हानी झाल्यास तुकडीतच मोठी तपासणी करावी लागे. ४० ते ४४ टक्के म्हणजे नवे इंजिन किंवा हायड्रॉलिकसारखी संपूर्ण यंत्रणा बसवण्याची गरज. ४५ ते ५९ टक्क्यांत विमानाचे मोठे भाग बदलावे लागत. ६० ते ८० टक्क्यांचे विमान बाद समजले जाई, पण त्याचे सुटे भाग इतर विमानांसाठी काढून घेत. ८१ ते ९९ टक्के म्हणजे आपल्या ताब्यातील भूमीवर कोसळून पूर्ण मोडलेले विमान. सामान्यतः शत्रूप्रदेशात वा समुद्रात पडलेल्या किंवा बेपत्ता विमानाची नोंद १०० टक्के अशी होई.

टक्केवारी असल्यामुळे ही पद्धत संगणकीय नियमांत उतरवणे सोपे जाते. म्हणून मोहिमांच्या आयोजकांना ती विशेष सोयीची वाटते.

### ब्रिटनची लढाई आणि दुरुस्ती संघटना

दुरुस्तीचे महत्त्व जुलै ते ऑक्टोबर १९४० या काळात लढल्या गेलेल्या ब्रिटनच्या लढाईत ठळकपणे दिसून आले. मोटार उद्योजक लॉर्ड नफिल्ड यांच्या पुढाकाराने नागरी दुरुस्ती संघटना उभी राहिली होती आणि ऑक्सफर्डजवळील काउली हे तिचे मुख्य केंद्र होते. मे १९४० मध्ये लॉर्ड बीव्हरब्रुक यांच्याकडे नव्या विमान-उत्पादन मंत्रालयाची सूत्रे आली आणि ही संघटना त्या मंत्रालयाच्या कक्षेत गेली. शेतांत पडलेली विमाने ट्रेलरवर घालून आणणे, दोन-तीन मोडक्या विमानांतून एक उडते विमान तयार करणे आणि निरुपयोगी सांगाड्याचा धातू वितळवून परत वापरणे, अशी कामांची साखळी तेथे चाले.

या लढाईच्या काळात लढाऊ स्क्वाड्रनना मिळालेल्या विमानांपैकी सुमारे एक तृतीयांश विमाने दुरुस्त होऊन आलेली होती, उरलेली कारखान्यातून नवी आली होती. म्हणजे दर तीन विमानांपैकी एक आधी कधीतरी जखमी झालेले असे. ज्या मोहिमेत दुरुस्तीची तरतूद नाही, तिच्यात ब्रिटिश बाजूचा हा मोठा आधारच नाहीसा होतो. लढाई ब्रिटनच्या आकाशात होत असल्याने आणखी एक फरक पडे. पॅराशूटने उतरलेला ब्रिटिश वैमानिक पुन्हा उडू शके, तर जर्मन वैमानिक युद्धकैदी होई. विमान कोठे पडले याला म्हणूनच वर्गवारीत स्थान द्यावे लागते.

### परत आलेल्या विमानांचा पुरावा

अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या सांख्यिकी संशोधन गटात काम करणारे गणितज्ञ अब्राहम वाल्ड यांनी १९४३ मध्ये विमानांच्या भेद्यतेवर अभ्यास केला. परतलेल्या विमानांवरील छिद्रांवरून, विमानाच्या कोणत्या भागाला मार बसल्यास ते पडण्याची शक्यता किती, याचा अंदाज कसा बांधावा हे त्यांनी दाखवले. परत आलेली विमाने म्हणजे मार सोसून टिकलेली विमाने. त्यामुळे त्यांच्या इंजिनावर छिद्रे कमी आढळली, तर इंजिनाला कमी मार बसतो असे ठरत नाही. इंजिनाला मार बसलेली विमाने परतलीच नाहीत, असाही त्याचा अर्थ होऊ शकतो. हानीचे प्रतिमान तयार करणाऱ्यांसाठी हा धडा मोलाचा आहे, कारण त्यांच्या हाती येणारी जुनी छायाचित्रे आणि दुरुस्तीचे अहवाल बहुतांशी परतलेल्या विमानांचेच असतात.

## उड्डाणातील हानीचे प्रतिमान

### एकत्रित गुणांची पद्धत

सर्वांत सोप्या पद्धतीत संपूर्ण विमानाला ठरावीक गुण दिलेले असतात. प्रत्येक गोळीने काही गुण वजा होतात आणि गुण शून्यावर आले की विमान नष्ट होते. ही पद्धत संगणकावर फारसा भार टाकत नाही. मात्र तिच्यात शेवटच्या गोळीपर्यंत विमान पूर्ववत उडत राहते, आणि असे प्रत्यक्षात घडत नाही.

### घटकनिहाय पद्धत

प्रगत सिम्युलेटरमध्ये विमानाचे घटक स्वतंत्र मानले जातात: पंखाची मुख्य तुळई, शेपटी, सुकाणू, नियंत्रणाच्या तारा, इंजिन, तेलाची टाकी, शीतकाचा रेडिएटर, इंधनाच्या टाक्या, दारूगोळा आणि स्वतः वैमानिक. गोळीचा मार्ग, वेग आणि कोन यांवरून ती कोणत्या घटकापर्यंत पोहोचली हे काढले जाते. गोळीचा प्रकारही लक्षात घेतला जातो. स्पिटफायरच्या आरंभीच्या आवृत्तीत ०.३०३ इंचाच्या आठ मशीनगन होत्या, तर त्या वेळच्या मेसरश्मिट बीएफ १०९ ई-४ या विमानाच्या पंखांत २० मिलिमीटरच्या दोन तोफा होत्या. लहान गोळ्यांनी अनेक छिद्रे पडतात आणि एखादी नळी वा तार तुटते. तोफेचा स्फोटक गोळा पंखाचा पत्राच उचकटून टाकू शकतो. या दोन जखमांच्या दुरुस्तीला लागणारा वेळही वेगळा असतो.

### परिणामांचे प्रकार

* '''वायुगतिकीय परिणाम''' – फाटलेल्या पंखावर उचल कमी होते व रोध वाढतो. विमान एका बाजूला ओढले जाते आणि ते सरळ ठेवण्यासाठी वैमानिकाला दांडा सतत विरुद्ध दिशेला दाबून धरावा लागतो.
* '''इंजिनावरील परिणाम''' – द्रवशीत इंजिनाच्या रेडिएटरला एक गोळी लागली तरी शीतक गळू लागते, तापमान चढते आणि काही मिनिटांत इंजिन अडकते. वायुशीत त्रिज्यीय इंजिनांना हा धोका नसतो. पी-४७ थंडरबोल्टसारखी विमाने सिलिंडर निकामी होऊनही तळावर परतल्याची उदाहरणे आहेत.
* '''इंधनगळती व आग''' – छिद्र आपोआप बुजवणाऱ्या टाक्या लहान गोळ्यांपुढे टिकतात, मोठ्या स्फोटापुढे टिकत नाहीत.
* '''संरचनात्मक दौर्बल्य''' – जखमी तुळई सरळ उड्डाणात टिकते, पण कडक वळणात गुरुत्वभार वाढला की मोडते.
* '''वैमानिकाची जखम''' – रक्तस्राव, दृष्टी अंधुक होणे आणि गुरुत्वभार सोसण्याची शक्ती घटणे.

चांगल्या प्रतिमानात हे परिणाम कालानुसार वाढत जातात. जखम झाल्यापासून विमान निकामी होईपर्यंत जो अवधी मिळतो, त्यातच वैमानिकाला निर्णय घ्यायचा असतो. तळ जवळ असेल तर इंजिनाची शक्ती कमी करून पोहोचता येते, दूर असेल तर सपाट शेत शोधावे लागते.

### जालावरील अडचणी

ऑनलाइन लढतीत प्रत्येक खेळाडूचा संगणक वेगळा असतो आणि त्यांच्यात संदेश पोहोचायला वेळ लागतो. मारणाऱ्याच्या पडद्यावर गोळी लागलेली दिसते, तेव्हा लक्ष्य झालेल्याच्या पडद्यावर ते विमान थोडे पुढे गेलेले असते. गोळी लागली की नाही याचा निवाडा कोणत्या संगणकाने करावा, हे त्यामुळे आधीच ठरवावे लागते. अनेक प्रणालींत तो मारणाऱ्याच्या संगणकावर होतो. विमानांची टक्कर ही याच अडचणीची दुसरी बाजू आहे, कारण एकाच्या पडद्यावर झालेली टक्कर दुसऱ्याच्या पडद्यावर थोडक्यात टळलेली असू शकते.

## नोंदीपासून वर्गवारीपर्यंत

उड्डाण संपले की सर्व्हरवर घटनांची नोंदवही उरते. कोणते विमान केव्हा उडाले, कोणाकडून जखमी झाले, कोठे उतरले, कोठे कोसळले, वैमानिक जिवंत आहे का, अशा ओळी तिच्यात असतात. मोहिमेचा स्वतंत्र प्रोग्रॅम ही नोंदवही वाचतो व विदागारातील, म्हणजे डेटाबेसमधील, आकडे बदलतो. त्या आकड्यांवरून पुढची कामगिरी तयार होते. कामगिरी तयार करणे, लढणे, नोंद वाचणे आणि हिशेब बदलणे हे चक्र मोहीम संपेपर्यंत चालू राहते.

या चक्रातील सर्वांत नाजूक जागा म्हणजे नोंदीतील हानीचे वर्गवारीत रूपांतर करणे. काही सिम्युलेटर हानी शून्य ते एक या अपूर्णांकात नोंदवतात. ०.१५ हा आकडा पाहून त्याला जर्मन पद्धतीचे १५ टक्के मानण्याचा मोह होतो, परंतु या दोन आकड्यांचा अर्थ एक नाही. सिम्युलेटरचा अपूर्णांक विमानाचे बळ किती घटले हे सांगतो, तर जर्मन टक्केवारी दुरुस्तीचे काम किती आहे हे सांगते. रेडिएटरला लागलेल्या एका गोळीने बळ फारसे घटत नाही. पण वैमानिकाने त्यानंतर दहा मिनिटे इंजिन दामटले असेल, तर संपूर्ण इंजिन बदलावे लागते आणि जर्मन मोजणीत ते विमान ४० टक्क्यांवर जाते. उलटपक्षी, कापडी आवरण असलेल्या सुकाणूवर वीस छिद्रे पडली तरी ठिगळे लावून काम भागते.

म्हणून विचारपूर्वक केलेले नियम केवळ अपूर्णांकावर विसंबत नाहीत. ते पुढील गोष्टीही पाहतात:

* विमान चाकांवर उतरले की पोटावर. पोटावर उतरल्यास प्रोपेलर वाकतो, इंजिनाला झटका बसतो आणि खालचा रेडिएटर चिरडतो.
* विमान स्वतःच्या तळावर, दुसऱ्या मित्रतळावर, मित्रप्रदेशातील शेतात, शत्रूप्रदेशात की पाण्यात उतरले.
* उतरताना इंजिन चालू होते का.
* वैमानिकाने उड्डाणाच्या मध्येच सर्व्हरशी जोडणी तोडली का.

शेवटचा मुद्दा वादाचा आहे. विमान जखमी होताच खेळ बंद करून हानीची नोंद चुकवण्याचा प्रयत्न काही जण करतात. त्यावर उपाय म्हणून शत्रूच्या माऱ्यानंतर तुटलेली जोडणी पूर्ण हानी म्हणून मोजली जाते. मात्र ज्याची जोडणी खरोखरच बिघाडाने तुटली, त्याच्यावर या नियमाने अन्याय होतो. दोन्ही प्रसंगांची नोंद सारखीच दिसत असल्याने अंतिम निर्णय पुष्कळदा आयोजकांना स्वतः घ्यावा लागतो.

## दुरुस्तीचे नियम

दुरुस्तीच्या नियमांचे तीन ढोबळ प्रकार आहेत. त्यांतील फरक एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होतो. एका स्क्वाड्रनकडे १२ विमाने आहेत. पहिल्या दिवशी सर्व विमाने उडाली. एक नष्ट झाले आणि तीन जखमी होऊन परतली. त्या तिघांपैकी एकाची जखम किरकोळ, एकाची मध्यम व एकाची गंभीर आहे.

'''तत्काळ दुरुस्ती''' – परतलेले प्रत्येक विमान दुसऱ्या दिवशी नवे समजले जाते. दुसऱ्या दिवशीची संख्या ११.

'''दुरुस्तीचा अभाव''' – जखमी विमान नष्ट मानले जाते. दुसऱ्या दिवशीची संख्या ८.

'''कालबद्ध दुरुस्ती''' – किरकोळ जखमेचे विमान रात्रीत तयार होते, मध्यम जखमेचे तीन दिवस जमिनीवर राहते आणि गंभीर जखमेचे सात दिवस डेपोत जाते. दुसऱ्या दिवशीची संख्या ९, पाचव्या दिवशी १० आणि नवव्या दिवशी ११, अर्थात मध्ये दुसरे नुकसान झाले नाही तर.

तिन्ही नियमांत शत्रूने पाडलेले विमान एकच आहे. तरीही दुसऱ्या दिवशी स्क्वाड्रन ११ विमानांनी लढेल, ९ विमानांनी की ८, हे सर्वस्वी नियमावर ठरते. पहिल्या प्रकारात शत्रूचे विमान केवळ जखमी करण्याला किंमत उरत नाही. दुसऱ्या प्रकारात जखमी विमान परत आणण्याला किंमत उरत नाही. तिसऱ्या प्रकारात दोन्हींना किंमत राहते, आणि ऐतिहासिक वास्तवाला तोच अधिक जवळचा आहे.

कालबद्ध दुरुस्तीत पुढे साहित्याचा हिशेब जोडता येतो. सुट्या भागांचा साठा संपला तर काम थांबते. बाद झालेल्या विमानातून काढलेल्या भागांनी दुसऱ्या विमानाचा कालावधी कमी करता येतो. तळावर बॉम्बहल्ला झाला तर कार्यशाळेचा वेग घटतो आणि दुरुस्तीसाठी उभी असलेली विमानेही नष्ट होतात. तळ मागे हलवण्याची वेळ आल्यास न उडणारी विमाने सोडून द्यावी लागतात. आघाडी वेगाने मागे हटत असताना बऱ्याच हवाई दलांना प्रत्यक्ष युद्धातही हा तोटा सोसावा लागला.

## निवडक प्रणाली

'''एअर वॉरियर''' – केस्माय या अमेरिकी कंपनीचा हा खेळ १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जेनी या सशुल्क जालसेवेवर आला. अनेक खेळाडूंनी एकाच आकाशात लढण्याच्या आरंभीच्या प्रयोगांत त्याची गणना होते.

'''फाल्कन ४.०''' – १९९८ मध्ये मायक्रोप्रोजने प्रकाशित केलेला हा एफ-१६ विमानाचा सिम्युलेटर कोरियन द्वीपकल्पातील गतिमान मोहिमेसाठी ओळखला जातो. त्यात स्क्वाड्रनकडील विमानांची संख्या मर्यादित असते आणि उद्ध्वस्त धावपट्ट्या कालांतराने दुरुस्त होतात. ही मोहीम अनेक खेळाडू मिळूनही खेळू शकतात.

'''आयएल-२ स्टर्मोव्हिक''' – ओलेग मॅडॉक्स यांच्या नेतृत्वाखाली मॉस्कोत तयार झालेला हा सिम्युलेटर २००१ मध्ये प्रकाशित झाला व घटकनिहाय हानीमुळे नावाजला गेला. त्याचा सर्व्हर घटनांची नोंदवही लिहीत असल्याने स्वयंसेवकांना बाहेरून मोहिमा जोडता आल्या. ‘स्कॉर्च्ड अर्थ ऑनलाइन वॉर’ ही अशीच विदागारावर आधारित प्रणाली आहे. पुढे ‘टीम डायडॅलोस’ या स्वयंसेवी गटाने मूळ सिम्युलेटरमध्ये सुधारणा केल्या. गुरुत्वभारामुळे विमानाचा सांगाडा दुबळा होण्याचा परिणाम त्यांत समाविष्ट आहे.

'''आयएल-२ ग्रेट बॅटल्स''' – स्टालिनग्राडच्या लढाईवरील भागापासून सुरू झालेल्या या मालिकेत सर्व्हर प्रत्येक आघाताची व हानीच्या अपूर्णांकाची नोंद ठेवतो. त्यामुळे स्वयंसेवकांना तपशीलवार हिशेब करता येतो.

'''डीसीएस वर्ल्ड''' – ईगल डायनॅमिक्सच्या या सिम्युलेटरमध्ये जखमी विमान मित्रतळावर उतरवून जमिनीवरील पथकाकडून काही मिनिटांत दुरुस्त करून घेता येते. तळांवरील विमाने, इंधन व शस्त्रे यांचे साठे मर्यादित ठेवण्याची सोय आहे. एका कामगिरीची स्थिती पुढच्या कामगिरीपर्यंत टिकवण्यासाठी मोहिमा रचणारे ल्युआ या भाषेत प्रोग्रॅम लिहितात.

'''वॉर थंडर''' – गायजिन या कंपनीच्या या खेळात दुरुस्तीची किंमत खेळातील चलनात आकारली जाते. येथे दुरुस्तीचे मोजमाप प्रामुख्याने पैशांत होते.

## वैमानिकांच्या वर्तनावरील परिणाम

हानीचा हिशेब पुढे चालू राहतो हे ठाऊक असलेला खेळाडू निराळे उडतो. सुट्या लढतीत समोरासमोर झेप घेणे, धूर निघत असतानाही झुंजत राहणे किंवा लक्ष्यावर विमान आदळणे यांत गमावण्यासारखे काही नसते. मोहिमेत त्याच कृतीने स्क्वाड्रनचे एक विमान कमी होते आणि उद्या एखाद्या सहकाऱ्याला जमिनीवर बसावे लागते. त्यामुळे जखमी विमानाला सोबत करत तळापर्यंत आणणे, इंजिन तापण्यापूर्वी लढाई सोडणे, पॅराशूटने उडी मारण्याऐवजी मित्रप्रदेशात पोटावर उतरणे, अशा गोष्टी आपोआप घडू लागतात. प्रत्यक्ष युद्धातील वैमानिकांच्या आठवणींत ज्या सावधपणाचे वर्णन येते, तो येथे नियमांतून निर्माण होतो.

याची दुसरी बाजूही आहे. विमाने फारच दुर्मीळ ठेवली तर खेळाडू लढाईच टाळू लागतात आणि आकाश रिकामे राहते. एका बाजूला आरंभी मोठे नुकसान झाले, तर कमी विमानांमुळे पुन्हा नुकसान, अशी घसरण सुरू होते. हरणाऱ्या बाजूचे खेळाडू येईनासे होतात आणि महिनोन्‌महिने खपून उभारलेली मोहीम अर्ध्यावर बंद पडते. म्हणून बरेच आयोजक दोन्ही बाजूंना किमान पुरवठ्याची हमी देतात. ही हमी ऐतिहासिक नसली, तरी तिच्याशिवाय मोहीम शेवटापर्यंत पोहोचणे कठीण होते.

## मर्यादा व मतभेद

या प्रतिमानांवर घेतला जाणारा मुख्य आक्षेप असा की त्यांत जमिनीवरील माणसे दिसत नाहीत. रात्रभर जागून इंजिन बदलणारे मेकॅनिक, पत्रा ठोकणारे व रिबेट मारणारे कामगार, कारखान्यांतील स्त्रिया यांची भूमिका कोणीही खेळाडू घेत नाही. त्यांचे सारे श्रम ‘तीन दिवस’ किंवा ‘सात दिवस’ अशा एका आकड्यात सामावतात. दुरुस्तीच नसलेल्या मोहिमेत तर तेवढीही नोंद राहत नाही. कालबद्ध दुरुस्तीच्या बाजूने हा एक महत्त्वाचा युक्तिवाद आहे.

दुसरा आक्षेप वर्गवारीच्या अंतिमतेबद्दल आहे. ‘बाद’ ठरलेले विमान खरोखर बाद आहे का, हे विमानाइतकेच दुरुस्त करणाऱ्याच्या गरजेवर आणि कौशल्यावर अवलंबून असते. भारतातील एक घटना याची साक्ष देते. दुसरे महायुद्ध संपल्यावर ब्रिटिश हवाई दलाने कानपूर येथे बी-२४ लिबरेटर बॉम्बफेकी विमाने मोडीत काढली आणि ती पुन्हा वापरता येऊ नयेत म्हणून त्यांची मुद्दाम नासधूस केली. स्वातंत्र्यानंतर बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्याने त्या भंगारातून चाळीसहून अधिक विमाने पुन्हा उभी केली. कानपूरला कामचलाऊ दुरुस्ती झालेली ही विमाने कारखान्याचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी उडवत बंगळूरला नेली. नोव्हेंबर १९४८ मध्ये भारतीय हवाई दलाच्या पाचव्या स्क्वाड्रनला ही विमाने मिळाली आणि १९६८ पर्यंत लिबरेटर सेवेत राहिली. कोणत्याही मोहिमेच्या कोष्टकात ही विमाने शंभर टक्के नष्ट म्हणून वजा झाली असती.

तिसरा मतभेद पारदर्शकतेविषयी आहे. हानीचे नेमके गणित उघड केल्यास खेळाडू त्यातील पळवाटा शोधतात. ते गुप्त ठेवल्यास निकालावर अविश्वास निर्माण होतो. बहुतेक मोहिमांत वर्गवारी व दुरुस्तीचे कालावधी आधी जाहीर केले जातात, आणि घटकांच्या बळाचे आकडे सिम्युलेटरच्या निर्मात्यांकडेच राहतात.

## हेही पाहा

* ब्रिटनची लढाई
* अब्राहम वाल्ड
* सुपरमरीन स्पिटफायर
* मेसरश्मिट बीएफ १०९
* बी-२४ लिबरेटर
* हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेड
* उड्डाण सिम्युलेटर